बिबट्या सोडायचा कोठे?

ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्याला लागले की वाघबीळ नाका लागतो. आज तेथे उंच इमारती आहेत, बसथांबे आहेत, शाळा आहेत. नावात मात्र वाघ शिल्लक राहिला आहे. ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर या तीन जिल्ह्यांतील वारली पाड्यांवर वाघोबाची ठाणी आढळतात. कोठे लाकडी फळीवर कोरलेला वाघ, कोठे शेंदूर लावलेला दगड, वर चंद्र-सूर्य. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा दीडशेच्या आसपास ठाण्यांची नोंद आहे. दिवाळीच्या सुमारास वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात. येथील बोलीत 'वाघ' म्हणजे पट्टेरी वाघही आणि बिबट्याही. पट्टेरी वाघ या भागातून गेला, बिबट्या मात्र राहिला.

तो राहिला, पण त्याच्या भोवतीची माणसांची वस्ती अनेक पटींनी वाढली. मग बिबट्या दिसला की एकच मागणी होऊ लागली, 'पिंजरा लावा आणि याला दूर जंगलात नेऊन सोडा.' मागणी साधी वाटते. जंगली जनावर, त्याला जंगलात सोडले तर बिघडले काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने गेल्या पंचवीस वर्षांत बरीच किंमत देऊन शोधले. त्याचा इतिहास आपण पाहणार आहोत. तो केवळ बिबट्याचा इतिहास नाही. नामशेष होत चाललेला कोणताही प्राणी एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे वसवायचा असेल तर आधी काय ठरवावे लागते, हेही त्यातून कळते.

जुन्नरचा धडा

माळशेज घाट चढून गेले की आपण जुन्नर तालुक्यात पोहोचतो. धरणांचे पाणी आल्यावर या भागात उसाचे क्षेत्र वाढत गेले. ऊस उंच वाढतो, वर्षभर उभा असतो, आत दाट सावली असते आणि पाणी जवळ असते. बिबट्याच्या मादीला पिले घालण्यासाठी याहून सोयीची जागा मिळणे कठीण. खाण्यासाठी गावातील कुत्री, शेळ्या आणि डुकरे होतीच. अशा रीतीने जंगल नसलेल्या मुलखात बिबटे पिढ्यान्‌पिढ्या राहू लागले. उसात जन्मलेल्या पिलांचे घर म्हणजे तो उसाचा फडच होता.

१९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात बिबट्यांचे माणसांवर दरवर्षी सरासरी चार हल्ले होत. २००१ च्या फेब्रुवारीपासून तेथे बिबटे पकडून दूर सोडण्याची मोठी मोहीम सुरू झाली. शेतवस्तीतून पकडलेले २९ बिबटे सरासरी चाळीस किलोमीटर अंतरावरील जंगलांत सोडण्यात आले. त्यानंतर हल्ले कमी होतील अशी अपेक्षा होती. घडले उलटे. हल्ल्यांची सरासरी वर्षाला चारवरून सतरावर गेली. आधी शंभरातील अठरा हल्ले प्राणघातक ठरत. आता छत्तीस ठरू लागले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींचा अभ्यास केला आणि २०११ साली तो प्रसिद्ध झाला.

हे आकडे वर्गात फळ्यावर मांडून पाहावेत. चाराचे सतरा होणे म्हणजे सव्वाचार पट. पण हल्ल्यांची संख्या आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण दोन्ही वाढल्यावर मृत्यू किती पटींनी वाढतात, हा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करावा. उत्तर आठ पटींहून जास्त येते.

असे का झाले?

बिबट्या एकटा राहणारा प्राणी आहे. प्रत्येक प्रौढ नराचा आणि मादीचा स्वतःचा मुलूख असतो. झाडांच्या बुंध्यांवर नखांचे ओरखडे काढून आणि मूत्राच्या फवाऱ्याने तो त्याच्या सीमा आखतो. आपल्या मुलखातील पाणवठे, लपण्याच्या जागा आणि माणसांच्या वहिवाटीच्या वेळा त्याला पाठ असतात. माणसांना टाळून राहणे त्याला जमते, ते या ओळखीमुळे.

त्याला पकडून परक्या जंगलात सोडले की तीन गोष्टी एकदम घडतात. पहिली, त्या जंगलात आधीच बिबटे असतात. रिकामे जंगल आपल्याला वाटते तसे रिकामे नसते. आतील बिबटे नव्याला टिकू देत नाहीत. दुसरी, हुसकलेला किंवा घराच्या ओढीने निघालेला बिबट्या अनोळखी गावांमधून वाट काढू लागतो. कोठे कुत्रे आहे, कोणत्या वाटेने माणसे जातात, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय पिंजऱ्याच्या गजांवर झटून त्याचे दात तुटलेले असू शकतात आणि माणसाच्या हाताळणीने तो बिथरलेला असतो. तिसरी गोष्ट मूळ गावात घडते. तेथील जागा मोकळी झाली की आजूबाजूचे तरुण बिबटे ती घेण्यासाठी येतात. जाणत्या बिबट्याच्या जागी नवखा येतो. गावकऱ्यांना वाटते की गेलेलाच परत आला आणि ते पुन्हा पिंजरा मागतात.

म्हणजे एका ठिकाणची अडचण दोन ठिकाणी होते आणि पहिल्या ठिकाणचीही सुटत नाही.

ठाण्याच्या उंबऱ्यावर

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात मोडतो. येऊरच्या टेकड्या म्हणजे या उद्यानाची ठाण्याकडील बाजू. चहूबाजूंनी महानगर असलेल्या या जंगलाच्या कडेला २००२ ते २००४ या काळात बिबट्यांच्या हल्ल्यांची मालिका सुरू झाली. २००४ चा जून महिना सर्वांत भीषण गेला. बळी पडलेल्यांत लहान मुले बरीच होती. उद्यानाच्या कडेला पाड्यांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्या, अंधारात उघड्यावर शौचाला जावे लागणाऱ्या कुटुंबांवर हे संकट कोसळले. ज्यांच्या घरात दिवा आणि संडास होता, त्यांना बिबट्याचे भय बहुतेक वर्तमानपत्रातूनच कळले.

त्या वेळी नेहमीचे उपाय झाले. पिंजरे लागले. उद्यानात बिबट्यांना भक्ष्य कमी आहे, असे मानून डुकरे आणि ससे सोडण्याची योजनाही जाहीर झाली. पण एका गोष्टीकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. याच काळात इतरत्र पकडलेले बिबटे या उद्यानात आणून सोडले जात होते. आधीच बिबटे असलेल्या, शहराने वेढलेल्या जंगलात आणखी अनोळखी बिबटे आले. जुन्नरच्या अभ्यासाने दाखवलेले चित्र येथेही दिसत होते, असे संशोधकांचे म्हणणे पडले. पुढे बाहेरचे बिबटे आणून सोडणे थांबले आणि हल्लेही कमी झाले. केवळ त्या एकाच कारणाने कमी झाले असे म्हणता येणार नाही, परंतु ते कारण नजरेआड करणेही शक्य नव्हते.

आजोबाचा प्रवास

सोडलेला बिबट्या जातो कोठे, हे आतापर्यंत अंदाजानेच सांगितले जात होते. २००९ साली ते प्रत्यक्ष दिसले. अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक मोठा नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढल्यावर अभ्यासकांनी त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला. वय झालेले आणि स्वभाव शांत म्हणून त्याचे नाव 'आजोबा' पडले. त्याला माळशेज घाटाच्या परिसरात सोडण्यात आले.

आजोबा तेथे थांबला नाही. घाट उतरून तो कोकणपट्टीत आला. मुंबई-आग्रा महामार्ग त्याने ओलांडला, कसारा स्थानकाजवळून रेल्वेमार्ग पार केला, वसईची खाडी ओलांडली आणि सुमारे २५ दिवसांत १२० किलोमीटरहून अधिक अंतर कापून संजय गांधी उद्यानाच्या नागला भागात पोहोचला. जिल्ह्याच्या नकाशावर ही वाट रेखली तर ती गावे, शेते, रूळ आणि रस्ते यांमधून जाते. या साऱ्या प्रवासात त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. कसाऱ्याहून रोज लोकलने कल्याण-डोंबिवलीकडे येणाऱ्यांना असा प्रवासी जवळून गेल्याची कल्पनाही नव्हती.

डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. त्याच्या शरीरातील मायक्रोचिपवरून तो आजोबा असल्याचे ओळखले गेले. २०१४ साली त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला.

एका बिबट्यावरून नियम सांगता येत नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. पण 'नेऊन सोडले म्हणजे तेथे राहील' हे गृहीतक चुकीचे ठरवायला एक उदाहरण पुरेसे असते.

सोडण्यापूर्वीचे प्रश्न

प्राणी हलवण्याचे प्रयोग भारताला नवे नाहीत. १९५७ साली गीरमधील एक सिंह आणि दोन सिंहिणी उत्तर प्रदेशातील चंद्रप्रभा अभयारण्यात सोडल्या होत्या. आठ वर्षांत त्यांची संख्या ११ झाली आणि पुढे ते सारे दिसेनासे झाले. अभयारण्य लहान होते, सिंहांवर नीट देखरेख नव्हती आणि भोवतीच्या लोकांना या प्रयोगात काही स्थान नव्हते. ते विषाने मेले की गोळीने, हेही कोणी निश्चित सांगू शकले नाही.

राजस्थानातील सरिस्का येथे चोरट्या शिकारीने वाघ संपले, हे २००४-०५ मध्ये उघड झाले. २००८ साली रणथंभोरहून हेलिकॉप्टरने तेथे वाघ नेण्यात आला. त्या पहिल्याच वाघाचा २०१० मध्ये विषबाधेने मृत्यू झाला. हेलिकॉप्टर, भुलीचे औषध, गळपट्टा, सारे तंत्र हाताशी होते. म्हशी-गुरांवर जगणाऱ्या गावांशी समझोता झालेला नव्हता. पुढे आणखी वाघ आणले गेले आणि सरिस्कात पुन्हा बछडे दिसू लागले, पण पहिल्या मृत्यूचा धडा राहिलाच.

अशा अनुभवांतूनच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ मध्ये प्राण्यांच्या पुनर्स्थापनेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये ती सुधारली. त्यांचे सार प्रश्नांच्या रूपात असे मांडता येईल:

१. प्राणी येथून का नाहीसा झाला? ते कारण दूर झाले आहे काय?
२. नव्या जागी पुरेसे भक्ष्य, पाणी आणि निवारा आहे काय? तेथे त्याच जातीचे प्राणी आधीपासून आहेत काय?
३. भोवतीच्या लोकांना विचारले आहे काय? त्यांचे नुकसान झाल्यास भरपाई कोण आणि किती दिवसांत देणार?
४. सोडल्यानंतर त्याच्यावर किती वर्षे लक्ष ठेवणार आणि प्रयोग फसल्यास काय करणार?

२००१ साली जुन्नरहून निघालेल्या पिंजऱ्यांना हे प्रश्न लावून पाहिले तर एकाचेही समाधानकारक उत्तर मिळत नाही. बिबट्या तेथून नाहीसा झालेलाच नव्हता. नव्या जंगलात बिबटे होते. तेथील गावांना कोणी विचारले नव्हते. आणि सुटलेल्या जनावराचे पुढे काय झाले, हे पाहण्याची सोय नव्हती.

याउलट अलीकडचे सह्याद्रीतील उदाहरण पाहावे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ मात्र तेथे नावापुरतेच होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाहून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. तिला थेट मोकळे न सोडता प्रथम कुंपणाच्या आवारात ठेवले, की तिला जागेची ओळख व्हावी. येथे पहिल्या दोन प्रश्नांचा विचार झालेला दिसतो. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांची उत्तरे पुढील काही वर्षे द्यावी लागणार आहेत.

पिंजऱ्याऐवजी माणसांशी बोलणे

जुन्नर आणि मुंबईच्या अनुभवानंतर केंद्र सरकारने २०११ मध्ये मानव-बिबट्या संघर्षाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. केवळ दिसला म्हणून बिबट्या पकडू नये, उचलून दूर सोडण्याचा मार्ग टाळावा, गर्दी आवरण्याची आणि नुकसानभरपाई लवकर देण्याची व्यवस्था असावी, असा त्यांचा रोख होता.

त्याच वर्षी राष्ट्रीय उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये यांनी विद्या अत्रेय आणि अनेक स्वयंसेवकांसह 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. पाड्यांवर, सोसायट्यांमध्ये आणि शाळांत बैठका झाल्या. पोलिसांना बोलावले गेले, कारण बिबट्या आढळल्यावर पहिले काम गर्दी हटवण्याचे असते. पत्रकारांच्या कार्यशाळा घेतल्या गेल्या, कारण 'नरभक्षक घुसला' अशा मथळ्यांनी पिंजऱ्याची मागणी वाढत होती. सांगायचे ते साधे होते. कचरा उघड्यावर टाकू नका. कचऱ्याला कुत्री आणि डुकरे येतात, त्यांच्या मागे बिबट्या येतो. मुलांना संध्याकाळनंतर एकटे पाठवू नका. वस्तीला दिवे आणि संडास मिळाले पाहिजेत, हा हट्ट धरा.

कुत्र्यांचा मुद्दा अंदाजाने मांडलेला नव्हता. अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या आहारातील ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता.

दुसरीकडे मोजणीही सुरू झाली. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना आपल्या बोटांच्या ठशांसारखी वेगळी असते. स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून निकीत सुर्वे आणि सहकाऱ्यांनी उद्यान आणि आरे परिसरातील बिबटे ओळखले. २०१५ मध्ये ३५, २०१७ मध्ये ४१ आणि २०१८ मध्ये ४७ बिबटे नोंदले गेले. २०२१ साली पाच बिबट्यांना गळपट्टे बांधून त्यांच्या वाटा पाहण्यात आल्या. घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे जंगल त्यांच्या लेखी एकच आहे, हे त्यातून दिसले.

इतके बिबटे असूनही २००४ सारखे वर्ष पुन्हा आले नाही. मात्र हल्ले पूर्णपणे थांबले, असे म्हणणे खोटे ठरेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन दिवाळीत आरे वसाहतीत एका चिमुरडीचा बळी गेला. संवर्धनाचे ओझे अजूनही सर्वांत जास्त पाड्यांवरच पडते, हे ज्याला दिसत नाही त्याला वाघोबाच्या ठाण्याचाही अर्थ कळणार नाही. वारली माणूस वाघोबाला नैवेद्य दाखवतो तेव्हा वाघ निरुपद्रवी आहे असे तो मानत नाही. धोका आहे हे ओळखून, दोघांनी आपापल्या मर्यादेत राहावे, असा तो करार असतो.

शहरातही मर्यादेची परीक्षा होतेच. २० फेब्रुवारी २०१९ ला पहाटे ठाण्यातील एका मॉलच्या वाहनतळात बिबट्या शिरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतील एका इमारतीत बिबट्या शिरून काही जण जखमी झाले. मलंगगडाची रांग आणि बारवीचे जंगल कल्याणहून दूर नाही. दोन्ही वेळा बिबट्याला जेरबंद करता आले. अशा प्रसंगी गर्दीच्या गोंगाटाने बिथरलेला बिबट्या सुटायला वाट शोधतो आणि वाटेत येणाऱ्याला जखमी करतो. मोबाईल घेऊन धावणारे शंभर लोक मागे सरले तर वनखात्याचे काम निम्मे हलके होते.

प्रश्न संपलेला नाही

२०२५ साली जुन्नर-शिरूर परिसरात पुन्हा माणसे, विशेषतः मुले, बळी पडली. संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. 'बिबटे उचलून न्या' ही मागणी पुन्हा जोरात आली. ज्यांच्या घरातील मूल गेले त्यांना सरासरी आणि टक्केवारी सांगणे क्रूरपणाचे आहे. ज्या बिबट्याने माणसे मारल्याची खात्री आहे त्याला कायमचे पकडावेच लागते. पण सरसकट उचलून दुसऱ्या तालुक्यात सोडणे म्हणजे तेच दुःख दुसऱ्या घरी पोहोचवणे ठरू शकते, हे २००१ ते २००४ च्या नोंदी सांगतात. त्या नोंदी ठेवल्या गेल्या म्हणूनच आज आपण हे बोलू शकतो.

शाळेत या विषयावर बरेच करता येईल. विद्यार्थ्यांनी तालुक्याच्या नकाशावर वाघबीळसारखी प्राण्यांच्या नावाची गावे, पाडे आणि टेकड्या शोधाव्यात आणि आजी-आजोबांना विचारून ते प्राणी तेथे शेवटचे केव्हा दिसले याची नोंद करावी. शाळेच्या परिसरात कचऱ्याचे ढीग कोठे आहेत, तेथे सकाळी किती कुत्री दिसतात, रात्री दिवे कोठे नसतात, हे आठवडाभर मोजून नकाशात भरावे आणि तो नकाशा नगरसेवकांना द्यावा. शेवटी वर दिलेले चार प्रश्न घेऊन वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने आपल्या भागातून नाहीसा झालेला एखादा प्राणी परत आणण्याची योजना मांडावी. दुसऱ्या गटाने त्या जागेजवळच्या पाड्यावरील रहिवासी होऊन तिला प्रश्न विचारावेत. दुसऱ्या गटाचे समाधान झाल्याशिवाय योजना मंजूर करू नये.